बुचाचे पाचशे रुपये

“कॉर्केज लागंल, सर,” असं हॉटेलचा मॅनेजर फोनवर म्हणाला, तेव्हा धर्मराज मिसाळ सरांनी ठणकावून सांगितलं, “बिलकुल नको. आम्ही चारीजण शाकाहारी हाओत.”

मग मॅनेजरनं खाकरून खुलासा केला. कॉर्केज ही खायची वस्तू नव्हती. गिऱ्हाइकानं वाईनची बाटली घरून आणली, तर ती उघडून द्यायचे आणि गिलास मांडायचे हॉटेलवाले जे पैसे घेतात, त्याला कॉर्केज म्हणतात. एका बाटलीला पाचशे रुपये.

“बाटली कुणाची?” सरांनी विचारलं.

“तुमची.”

“आतला माल?”

“तुमचाच की, सर.”

“पिणार कोण?”

“तुमचे पाव्हणे.”

“मंग पाचशे कशाचे?”

“बूच उघडायचे.”

सरांनी फोन खाली ठेवला, चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. रागाची ही पहिली पायरी होती. दुसऱ्या पायरीला ते घरातल्या घरात येरझारा घालत आणि तिसरीला समोरच्याकडं लेखी उत्तर मागत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढल्यावर माणसाच्या रागालासुद्धा कार्यालयीन शिस्त लागते.

“बूच उघडायचे पाचशे!” ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायकोला म्हणाले. “मागच्या महिन्यात नळवाल्यानं अख्खा पाइप बदलला, त्यानं तीनशे घेतले. आन त्यो खाली वाकल्ता. यान्ला वाकावं बी लागत न्हाई!”

बेबीनंदा भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. “पाचशे तर पाचशे. धावड्याचं इसरले का?”

धावड्याचं नाव निघालं की सर दारातून मागं फिरत. दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी, म्हणजे अर्पितासाठी, धावड्याचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, तीस एकर बागायत. मुलाच्या वडिलांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “आमचं काहीएक मागणं न्हाई.” सर म्हणाले, “उत्तम. एवढंच एका कागदावर लिहून द्या.” स्थळ चहाचे कप तसेच ठेवून उठून गेलं. सरांचं आजही म्हणणं असं, की जो माणूस बोलतो ते लिहून द्यायला घाबरतो त्याच्या घरी मुलगी देऊच नये. बेबीनंदांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी दोन वर्षांत किमान दोनशे वेळा सांगितलं होतं.

पुढं अर्पितानं स्वतःच पुण्यात आपलं जमवलं. मुलाचं नाव मयूर बोरस्ते, गाव नाशिककडचं, घरी द्राक्षाचे मळे. मुलगा सरळ, घर चांगलं. आता दोन्हीकडची मोठी माणसं एकदा भेटली की तारीख धरायची, एवढंच राहिलं होतं. मयूरचे आईवडील येत्या रविवारी जालन्याला येणार होते.

बाटलीचं प्रकरण इथूनच निघालं. दिवाळीला अर्पिता घरी आली तेव्हा तिनं बॅगेतून लाल वाईनची एक बाटली काढली. “मयूरच्या घरून दिलीय. त्यांच्या रानातल्या द्राक्षांची आहे. आम्ही येऊ तेव्हा सगळे मिळून उघडू, असा त्यांचा निरोप आहे. बाबा, प्लीज, भाषण करू नका.”

सरांनी भाषण केलं नाही, पण बाटलीला हातही लावला नाही. कारण तीर्थपुरीला मुख्याध्यापक असताना याच धर्मराज मिसाळ सरांनी गावातल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध आठ महिने मोहीम चालवली होती. दुकान ठेवायचं का बंद करायचं यावर गावातल्या बायांचं मतदान होतं, आणि त्यात त्यांच्यासमोर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. सर वस्तीवस्तीवर फिरले, पोरांकडून घोषणा पाठ करून घेतल्या, आणि बायांनी बाटली अशी आडवी केली की दुकानदार गाव सोडून गेला. सरांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा पराक्रम. निवृत्तीच्या सत्काराला सात वक्ते होते आणि सातही जण त्यावरच बोलले.

पुण्याला पोचल्यावर अर्पिताचा फोन आला. “बाबा, एक सांगायचं राहिलं. बूच सुकू नये म्हणून ती बाटली आडवी ठेवायची असते.”

“बाई,” सर म्हणाले, “आठ महिने मी दुसरं काय सांगत व्हतो?”

आडवी तर आडवी, पण ठेवायची कुठं? घरात सरांच्या आई चतुराबाई होत्या. वय ब्याऐंशी, गळ्यात माळ, नाक शाबूत. शेजारी कांदा चिरला तरी त्यांना कळायचं. म्हणून तर ती बाटली घरात उघडायचा प्रश्नच नव्हता आणि पाव्हण्यांना हॉटेलात न्यावं लागणार होतं. सरांनी बाटली बायकोच्या कपाटात, पैठणीच्या घडीत आडवी केली. चौथ्याच दिवशी चतुराबाई सुईदोरा शोधायला त्या कपाटात शिरल्या.

“धर्मा, हे काय रं?”

सर आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते, त्यामुळं सराव नव्हता. “औषध हाय,” ते म्हणाले.

“कशाचं?”

“छातीचं.”

तेवढं बोलून ते वाचले असं त्यांना वाटलं. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बातमी झाली की मिसाळ सरांच्या छातीत काहीतरी निघालंय, आणि औषध इतकं भारी आहे की पैठणीत ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं भेटायला आली. कुणी कच्चा लसूण सांगितला. कुणी दुधीचा रस सांगितला, आणि नुसता सांगून न थांबता तांब्याभर करून आणला आणि सर पिईपर्यंत समोर बसून राहिला. कोपऱ्यावरच्या लालमियाँनी संभाजीनगरच्या एका डॉक्टरचा नंबर दिला आणि जाताना डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, घबराना नहीं. मेरे साढू की तो तीन नसें बंद थीं.” धडधाकट माणसाला लोक अशा नजरेनं बघू लागले की त्याला खरोखर छातीत काहीतरी होऊ लागतं. सरांनाही झालं.

शेवटी भेटायला राधेश्याम आले. हे समोरच्या घरात राहत. तीस वर्षं एका वकिलाकडं मुनशी होते, आणि वकील वारल्यापासून स्वतःला त्यांचा वारस समजत. त्यांच्यापाशी सरांना राहवलं नाही. दार लोटून घेऊन त्यांनी सगळं खरं सांगितलं.

राधेश्यामांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. छातीचा आजार त्यांना परवडला असता.

“सरजी, परवाना हाय का?”

“कशाचा?”

“पिण्याचा. अपने महाराष्ट्र में बगैर परवान्याची बाटली घरात ठेवणं बी गुन्हा, रस्त्यानं नेणं बी गुन्हा, पिणं बी गुन्हा.”

“आन दुकानासमोर एवढी रांग असती ती?”

“समदे गुन्हेगार, सरजी. पकडत न्हाईत, ही बात अलग.”

सर त्या रात्री नीट झोपले नाहीत. म्हणजे दिवाळीपासून आपण गुन्हेगार आहोत! पैठणीत गुन्हा लपवलाय! ‘व्याह्यांना घेऊन जाताना पोलिसांनी मुख्याध्यापकाला पकडलं’ अशी बातमी त्यांना डोळ्यांपुढं दिसली, आणि त्यात आपल्या नावापुढं ‘सेवानिवृत्त’ लिहायचं राहून गेलंय तेही दिसलं.

सोमवारी ते परवाना काढायला गेले. त्या कार्यालयाचं नाव सर कुणाला सांगत नाहीत, आपणही घ्यायला नको. खिडकीपलीकडं रुखसार मॅडम म्हणून एक हुशार, नम्र बाई बसल्या होत्या. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन असा माणूस बघून त्यांना आधी वाटलं की हे तक्रार द्यायला आलेत. तक्रारीचा अर्ज त्यांनी पुढंही केला.

“तक्रार न्हाई. मला पिण्याचा परवाना पाहिजे,” सर इतक्या हळू म्हणाले की त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा मागच्या रांगेनंही ऐकलं.

“कोणता देऊ, सर? एका दिवसाचा, एका वर्षाचा का आजीवन?”

“दीड तासाचा न्हाई का? रविवारी बारा ते दीड?”

“न्हाई सर. कमीत कमी एक दिवस. पण एका दिवसाचा इथं मिळत न्हाई, त्यो दुकानात मिळतो. दारूच्या.”

म्हणजे परवाना घ्यायला दारूच्या दुकानासमोर उभं राहायचं! जालन्यात! जिथं दर दुसऱ्या पानटपरीवर आपला एक माजी विद्यार्थी असतो! सरांनी ताठ मानेनं नकार दिला. मग एका वर्षाचा घ्यावा, तर त्याला दर साल नूतनीकरण. म्हणजे दरवर्षी या खिडकीवर येऊन तेच वाक्य म्हणायचं. हिशेब करता करता शेवटी उरला आजीवन. अर्ज भरला. फोटो चिकटवला. त्यात सर असे बघत होते की जणू समोरच्या पोरानं गृहपाठ आणला नाही. अर्जात एक वाक्य छापील होतं, की अर्जदाराला हे आरोग्य जपण्यासाठी लागतं. त्याखाली सही करताना सरांनी चष्मा दोनदा पुसला.

“पाव्हण्यांचा बी काढता यील का?” त्यांनी विचारलं.

“यील ना. त्यांचा फोटो, आधारची झेरॉक्स आन सही आणा.”

व्याह्याला पहिल्या भेटीआधी आधारची झेरॉक्स मागायची, म्हणजे धावडा दुसरा. सरांनी तो विचार सोडला. हजार रुपये भरून ते बाहेर पडले तेव्हा आडव्या बाटलीचे पुढारी धर्मराज मिसाळ हे मरेपर्यंत सरकारमान्य पिणारे झाले होते.

रविवार उजाडला. बोरस्ते मंडळी समृद्धी मार्गानं गाडी दामटत अकरालाच पोचली. दौलतराव बोरस्ते उंच, सावळे, कमी बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांची कमतरता उषाबाई भरून काढत होत्या. घरी पोहे झाले, चहा झाला, चतुराबाईंच्या पाया पडून झालं. चतुराबाईंनी उषाबाईंना जवळ बसवून हळूच सांगितलं, “धर्माला छातीचं हाय, पण औषध चालू हाय. काळजी करू नका.” उषाबाईंनी काळजीनं सरांकडं बघितलं. सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेरचं अन्न चतुराबाईंना चालत नसल्यानं त्या घरीच राहिल्या.

हॉटेलात शिरण्याआधी बेबीनंदांनी नवऱ्याला बाजूला घेतलं. “हे बघा. पाचशे म्हणले की पाचशे द्यायचे. कागद मागायचा न्हाई. एक शब्द बोलायचा न्हाई. माझी शपथ.”

“मी कशाला बोलू?” सर म्हणाले.

हॉटेल बायपासला होतं. बाहेर पाटी, ‘हॉटेल मोसंबी गार्डन अँड लॉन्स. परमिट रूम व फॅमिली हॉल’. सरांच्या एका हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, आणि वरच्या खिशात लॅमिनेशन केलेला परवाना. दारात पोचले आणि आतून पांढऱ्या कपड्यातला एक जाडजूड माणूस जवळजवळ पळत आला. त्यानं सरांचे पाय धरले.

“सर! वळखलं का? मी कचरू! तीर्थपुरीचा!”

सरांनी ओळखलं. दाढी गेली होती, पोट आलं होतं, गळ्यात सोन्याची साखळी आली होती, पण माणूस तोच. तीर्थपुरीचा देशी दारूचा दुकानदार. ज्याची बाटली सरांनी आडवी केली होती तो.

“पाव्हणे, हा माणूस देव हाय,” कचरू दौलतरावांना सांगू लागला. “यान्नी माझं दारूचं दुकान बंद पाडलं. आठ महिने हात धुऊन मागं लागल्ते. तवा मी लई शिव्या दिल्या, खोटं कामून बोलू? पण गावातून उठलो म्हणून हिकडं आलो. न्हाईतर अजून तिथंच क्वार्टर विकत बसलो असतो. आज दोन हॉल हाएत, लॉन हाय, सोळा माणसं कामाला हाएत. समदी सरांची कृपा!”

सरांना वाटलं, यापेक्षा त्यानं चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ महिने उन्हातान्हात फिरून आपण कुणाची भरभराट केली? सात वक्त्यांपैकी एकानं तरी हे सांगायला हवं होतं!

“दारूबंदीचं काम केलंय तुम्ही?” दौलतराव चकित होऊन म्हणाले. त्यांची नजर पिशवीवर गेली. “मग तुम्ही घेत नसणार.”

सगळे सरांकडं बघू लागले. नाही म्हणावं तर व्याह्यांच्या बाटलीचा अपमान. हो म्हणावं तर उभ्या आयुष्याचा.

“मी परवानाधारक आहे,” सर म्हणाले, आणि खिशातून कार्ड काढून दाखवलं.

दौलतरावांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. “आजीवन?” ते म्हणाले आणि आदरानं परत दिलं.

मंडळी बसली. मॅनेजर आला. हाच फोनवरचा, नाव कल्याण, गळ्याला टाय, बोलणं अदबीचं. त्यानं बाटली पांढऱ्या फडक्यात धरली, सगळ्यांना लेबल दाखवलं. सर खुर्चीत सरसावून बसले. पाचशे रुपयांचं काम कसं करतात ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. अर्पितानं सांगितलं होतं की आत स्क्रूसारखी सळई घालतात, पिळतात, ओढतात. कधीकधी बूच तुटतं, कसबाचं काम असतं.

कल्याणनं झाकणाला दोन बोटं लावली आणि फिरवलं. टिक असा आवाज झाला. बाटली उघडली.

“बूच?” सर म्हणाले.

“यात बूच नसतंय, सर. हे फिरकीचं झाकण.”

टेबलाखाली बेबीनंदांचा पाय सरांच्या पायावर पडला आणि तिथंच राहिला. सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“अहो, तुम्ही आडवी ठेवली होती की काय हिला?” उषाबाई हसून म्हणाल्या. “उभी चालते ही.”

कल्याण पहिला गिलास दौलतरावांपुढं ठेवू लागला, तर त्यांनी हात आडवा धरला. “मला नको हो. मला सोसत नाही. आम्ही फक्त पिकवतो.”

“म्हंजी तुम्ही घेत न्हाई?” सरांचा आवाज चिरकला.

“जन्मात नाही. मला वाटलं तुमच्याकडं चालत असेल. इतके दिवस तेवढीच काळजी होती मला, की तुम्ही आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं.”

“मंग ही बाटली?”

“ती हिची.”

उषाबाईंनी शांतपणे गिलास आपल्याकडं ओढला. “बाग मीच बघते. छाटणीपासून तोडणीपर्यंत. कंपनीवाले दरसाल चाखायला बोलवतात, यांना काही कळत नाही म्हणून मीच जाते. अर्धा पेला, जास्त नाही. बेबीताई, तुम्ही?”

“थोडी द्या,” बेबीनंदा म्हणाल्या.

सरांना क्षणभर ऐकू आलं ते खरं वाटेना. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं सोडा प्यायलासुद्धा नाक मुरडलं होतं. “अगं, परवाना!” ते दबक्या आवाजात म्हणाले. “परवाना माझ्या एकट्याचा हाय!”

“मंग तुम्ही धरून बसा,” बेबीनंदा म्हणाल्या आणि घोट घेतला. घेतल्यावर डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, “आमसुलाच्या सारावानी लागतं की हो ताई. पण गरम गरम वाटतंय.”

टेबलावरचं चित्र असं होतं. परवाना एकाच्या खिशात, बिनपरवान्याच्या दोघीजणी पीत बसलेल्या, आणि दोघे पुरुष मठ्ठ्याचे गिलास धरून समोरासमोर गप्प. दाराकडं पाठ करून बसलेल्या सरांना कुणीही आत आलं की पोलीस आला असं वाटत होतं. शेवभाजी आली, वांगं आलं, भाकरी आली. सरांना कशाची चव लागली नाही. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. बूच न्हाई. बूच न्हाईच. बूच नव्हतंच.

बिल आलं. सरांनी चष्म्यातून ओळ न् ओळ वाचली. शेवभाजी, वांगं, मठ्ठा, आणि खाली ‘कॉर्केज एक नग, पाचशे’.

“हात धुऊन येतो,” सर म्हणाले आणि उठले. बेबीनंदांचा पाय हवेत राहिला.

सर थेट काऊंटरवर गेले. बिल ठेवलं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे बूच मला दाखव.”

“सर, ते म्हंजी बाटली उघडायचे.”

“उघडली म्हणू नको. फिरवली. दोन बोटांनी. अडीच सेकंद लागले, मी मोजले. सेकंदाला दोनशे रुपये घेऊन राह्यला तू! एवढा पगार कलेक्टरला न्हाई!”

“सर, गिलास बी दिले.”

“चार दिले, दोन पालथे पडलेत. ते तसेच परत घे.”

आवाज ऐकून कचरू आला. प्रकार कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. “अरे कल्याण, सरांकडून कॉर्केज घेतो? काढून टाक ते! सर, एक रुपया देऊ नका. उलट जेवणाचं बी—”

“थांब,” सर म्हणाले.

आतापर्यंतचा राग साधा होता. आता आला तो जुना, तीर्थपुरीचा राग. दारूच्या धंदेवाल्याचे उपकार! मिसाळ सरांना कचरूनं पाचशे रुपये सोडले, हे उद्या तो बायपासवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार. पाय धरून सांगणार!

“मी फुकट घेणार न्हाई. पाचशेच्या पाचशे घे. पण पावती बराबर पाहिजे. कॉर्केज लिहायचं न्हाई. कॉर्क नव्हतं, म्हणून कॉर्केज खोटं हाय. जे केलं ते लिही.”

“काय लिहू, सर?”

“झाकण फिरवण्याचे पाचशे.”

कचरूनं हात जोडले. “दे बाबा जसं म्हणत्यात तसं,” असं कल्याणला सांगून तो आत निघून गेला.

पण कल्याणच्या मशीनमध्ये ठरलेल्याच वस्तू होत्या. त्यानं आधी ‘सोडा’खाली पाचशे टाकले. सर म्हणाले, आम्ही सोडा घेतला नाही. मग त्यानं ‘पार्सल’ टाकलं. सर म्हणाले, पार्सल कुठं नेलं? एकदा छापलेलं बिल रद्द करायला मालकाचा पासवर्ड लागायचा, म्हणून दरवेळी मालकाला शोधायला माणूस पाठवावा लागे, आणि मालक दरवेळी जागेवर नसायचा. तिसऱ्यांदा कल्याणनं हातानं इंग्रजी अक्षरांत ‘झाकण’ टाइप केलं, तर छापून आलं ‘झकास, पाचशे’. मशीननं स्वतःच सुधारलं होतं.

“हे बघ,” सर म्हणाले, “एक वेळ मी खोटं खपवून घेईन. टोमणा खपवून घेणार न्हाई.”

चौथी पावती हातानं लिहिली. त्यावर शिक्का लागेना, शाई वाळली होती. शाई आणली. सरांनी पावती उजेडात धरून वाचली. ‘वाईनच्या बाटलीचे झाकण (फिरकीचे) फिरवून देणेबाबत, रुपये पाचशे फक्त’. सही, शिक्का, तारीख. त्यांनी पाचशेची नोट काऊंटरवर ठेवली आणि विजयी मुद्रेनं मागं वळले. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली होती.

जाताना त्यांनी मनाशी ठरवलं, या हॉटेलची पायरी आयुष्यात पुन्हा चढायची नाही. हे ते कचरूला तोंडावर सांगणार होते, पण पाव्हण्यांसमोर नको.

टेबलाशी पोचले तर तिथं वेगळंच वातावरण होतं. ताटं उचलली होती. बाटलीत चौथाई उरली होती. बेबीनंदा आणि उषाबाई एकमेकींच्या हातावर टाळ्या देत हसत होत्या, आणि दोघींचे गाल लाल झाले होते. दौलतरावसुद्धा हसत होते. आणि सरांच्या खुर्चीत, वही उघडून, कचरू बसला होता. सरांना बघून तो झटकन उठला.

“या, या,” उषाबाई म्हणाल्या. “ठरलं बरं का सगळं.”

“काय ठरलं?”

“तारीख. मे महिन्यातला दुसरा रविवार. मयूरला न् अर्पिताला फोन करून विचारलं आम्ही, दोघं हो म्हणाले.”

सर बेबीनंदांकडं बघू लागले. “मला न विचारता?”

“तुम्ही हात धुवायला गेल्ते,” बेबीनंदा म्हणाल्या.

“आन लग्न कुठं करायचं? हॉल बघावा लागंल, चार ठिकाणी चौकशी—”

“इथंच,” दौलतराव म्हणाले. “मागचं लॉन दाखवलं कचरूशेठनी. फार छान आहे. नाशिकलाही असं नाही.”

“सर, वैनींनी अकराशे टोकन बी दिलं,” कचरू गहिवरून म्हणाला. “माझ्या सरांच्या लेकीचं लग्न माझ्या लॉनवर! अजून काय पाहिजे माणसाला?”

सर उभेच राहिले. बोलायला पुष्कळ होतं. बायकोनं बिनपरवान्याची प्यायली, ते होतं. आपल्या पाठीमागं लेकीचं लग्न ठरलं, ते होतं. ज्या माणसाला आपण गावातून उठवलं त्याच्या अंगणात आता आपणच मांडव घालणार, ते तर होतंच. पण राग कुणावर काढायचा तेच कळेना. व्याही हसत होते. विहीणबाई हसत होत्या. बेबीनंदा तर इतक्या आनंदात होत्या की गेल्या दोन वर्षांत त्यांना असं हसताना सरांनी पाहिलं नव्हतं. धावड्यानंतर तर नाहीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांना एक गोष्ट आठवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अकराशे दिले म्हणता,” ते कचरूकडं वळून म्हणाले. “त्याची पावती?”

कचरू चाचरला. “पावती… ती काय, सर, घरचंच काम हाय… देऊ की नंतर.”

“नंतर न्हाई. आत्ता. लॉनची लांबी-रुंदी, खुर्च्या किती, पाणी कोण देणार, समदं लिहून पाहिजे. चल काऊंटरवर.”

बेबीनंदांनी घाईनं त्यांचा हात धरायला हात पुढं केला. उषाबाईंनी तो मधेच अडवला आणि स्वतःच्या हातात घेतला.

“अहो ताई, जाऊ द्या त्यांना,” त्या हळूच म्हणाल्या आणि बाटली पुढं सरकवली. “तेवढ्यात आपण मानपानाचं ठरवून घेऊ.”